वैजनाथरावांच्या अंगणातला शुद्ध गॅस

वडदरीच्या वैजनाथरावांचे फोटो जितक्या सरकारी कपाटांत सापडतील, तितके त्यांच्या घरात सापडणार नाहीत. घरात एकच आहे, लग्नातला, आणि त्यात त्यांचे डोळे मिटलेले आहेत. बाकीचे सगळे त्यांनी डोळे उघडे ठेवून, टोपी सरळ करून, कुठल्या ना कुठल्या योजनेच्या शेजारी उभं राहून काढून दिले. ते तालुक्याला गेले, जिल्ह्याला गेले, काही त्याहूनही वर गेले असं ऐकिवात आहे. परत एकही आला नाही. वैजनाथरावांची त्याबद्दल तक्रारही नव्हती.

तसे ते शेतकरी. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर चार एकर, हळद आणि सोयाबीन. पण पंचक्रोशीत त्यांची खरी ओळख लाभार्थी अशी. गावात दुसऱ्या कुणाला योजना मिळाल्या नाहीत असं नव्हे. पण मिळाल्यावर माणसं पुन्हा आपापल्या कामाला लागली. वैजनाथराव मात्र एकदा लाभार्थी झाले ते झालेच.

सुरुवात झाली ती लग्नानंतरच्या पहिल्या मार्चात. सरकारी वर्षाला मार्चअखेर जो बहर येतो, त्या बहरात पंचायत समितीच्या एका साहेबांना मोठं अंगण, चार जनावरं आणि नाही न म्हणणारा माणूस हे सगळं एका जागी हवं होतं. वैजनाथराव भलत्याच कामासाठी कचेरीत उभे होते. गोबरगॅस बांधायचा का, असं साहेबांनी विचारलं आणि वैजनाथराव "व्हय" म्हणाले. त्यानंतर सरकारशी बोलताना त्यांना दुसऱ्या शब्दाची गरज अशी पडलीच नाही.

गोबरगॅस चालला मात्र खरोखर. हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. अंगणाच्या कडेला जमिनीत विटांचा घुमट पुरला गेला, शेजारी शेण कालवायचं टाकं झालं, आणि नव्यानंच नांदायला आलेल्या शिवकन्याबाई रोज सकाळी कोपरापर्यंत हात घालून शेण कालवू लागल्या. चुलीच्या जागी निळी ज्योत आली. ती पाहायला वाड्यावस्तीवरच्या बाया येत, पदर तोंडाशी धरून उभ्या राहत, आणि जिच्या तव्याला काजळी लागत नाही अशी ही सून कुठून आणली, असं सासूला विचारत. शिवकन्याबाईंच्या संसाराची पहिली काही वर्षं अशी निळ्या उजेडात गेली.

मग बैलजोडी म्हातारी झाली. भाड्याचा ट्रॅक्टर शेतात येऊ लागला. जोडी जवळा बाजारच्या बाजारात गेली, तिच्यामागून गाय गेली, आणि दावणीला एक म्हैस उरली. ज्योत आधी बुटकी झाली, मग फडफडायला लागली, आणि एका सकाळी काडीमागून काडी ओढूनही पेटली नाही. शिवकन्याबाईंनी अंगणामागे तीन दगड मांडले आणि काजळी परत आली. सरकारी यादीत मात्र ज्योत तशीच तेवत राहिली. अधूनमधून जीप येई. साहेब लिंबाच्या सावलीत उभे राहून विचारत, चालू आहे ना? वैजनाथराव व्हय म्हणत. साहेब चहा घेत, फोटो काढत आणि सावलीतूनच परत जात. चहा अंगणामागच्या तीन दगडांवर झालेला असे, पण चहा कोणत्या चुलीवरचा हे विचारणं पाहणीत बसत नव्हतं.

एवढा दीर्घायुषी गोबरगॅस ज्याच्या अंगणात, त्यालाच पुढचंही द्यावं, असं सरकारला वाटलं तर त्यात नवल नाही. बिनधुराची चूल आली. तिच्या धुराड्यात चिमण्यांनी घरटं केलं. उन्हात अन्न शिजवायची सौर पेटी आली; तिच्या आरशात वैजनाथराव दाढी करत आणि पेटीत शिवकन्याबाईंचा लसूण राही. सौर दिव्याची बॅटरी गेली, खांब कपडे वाळत घालायच्या दोरीला उपयोगी पडला. शेवटी शेतात सौर पंप आला. तो मात्र चालतो. म्हणूनच त्याची पाहणी करायला अजून कुणी आलेलं नाही.

त्यांची एकुलती एक लेक प्रतिक्षा हिंगोलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती. अबोल पोरगी. लहानपणी जत्रेत गेली तरी काही मागायची नाही, नुसती पाळण्याकडे बघत राहायची, तो कशावर फिरतो ते. तिच्या महाविद्यालयानं डेन्मार्कच्या एका विद्यापीठाशी करार केला. तिथली इंजिनिअरिंगची मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी जाऊन एखादा विषय शिकतात, त्याला समर कोर्स म्हणतात. यंदाचा विषय होता ऊन, वारा आणि शेण यांच्यापासून मिळणारी ऊर्जा, आणि त्यासाठी बारा मुलं हिंगोलीला येणार होती. त्यांच्याकडे उन्हाळा म्हणजे अंगावर घ्यायची चीज असते. हिंगोलीचा जून पाऊस लांबला की माणसाला कसा भाजून काढतो, हे त्यांना करारात कुणी लिहून दिलं नव्हतं.

कराराचा दुसरा अर्धा भाग असा, की पुढच्या उन्हाळ्यात इथली दोन मुलं तिकडे जाणार. सगळा खर्च त्यांचा. कुणाला न्यायचं ते इथल्या कामावर ठरणार. ही बातमी प्रतिक्षानं वडिलांना एसटीच्या थांब्यावर सांगितली, सुट्टी संपवून परत जाताना.

"अण्णा, तिकडं समुद्रात पंखे उभे असतेत," ती म्हणाली. "शंभर-शंभर. मला ते जवळून बघायचेत."

एवढंच. मग एसटी आली. वैजनाथराव धुळीत बराच वेळ उभे राहिले. वीस वर्षांत पोरीनं मागितलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती देण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. समुद्रही त्यांनी पाहिला नव्हता.

देण्यासारखं काय आहे, ते दोन आठवड्यांनी कळलं. कोर्सचे समन्वयक पुनमचंद सर एका दुपारी गाडी घेऊन आले. प्रतिक्षाच्या घरी गोबरगॅस आहे असं त्यांना कुठल्याशा यादीवरून समजलं होतं. अंगण पाहून ते हरखले. एकाच अंगणात ऊर्जेचे इतके प्रकार! पाहुण्यांना जिल्हाभर फिरवायची गरजच नाही, सगळं इथेच दाखवता येईल, दुपारच्या जेवणाआधी. आणि ज्या मुलीचं घर असं, तिचा नंबर लागायला काय हरकत, असंही ते म्हणाले. हे सगळं ते लिंबाच्या सावलीतून बोलले. त्या सावलीत काय होतं कोण जाणे, तिथे उभं राहणारा प्रत्येक माणूस शेवटी तोच प्रश्न विचारी.

"सगळं चालू स्थितीत आहे ना?"

"व्हय," वैजनाथराव म्हणाले.

प्रतिक्षाला हे फोनवर कळलं तेव्हा तिनं विचारलं, गोबरगॅस बंद आहे हे सरांना सांगितलं का? वैजनाथराव म्हणाले, चालू करून राहिलो, तू परीक्षेकडं बघ. तिनं बजावलं की खड्डा साफ करून शेण आत्ताच भरा, गॅस धरायला तीन-चार आठवडे लागतात. ते वैजनाथरावांनाही ठाऊक होतं. अजून दीड महिना हातात होता. सरकारी पाहुणे सांगितलेल्या दिवशी कधीच येत नाहीत, महिना-दोन महिने इकडे तिकडे धरावेच लागतात, असा त्यांचा आयुष्यभराचा हिशोब होता. हे पाहुणे सरकारी नाहीत, ही गोष्ट त्या हिशोबात राहून गेली.

एका म्हशीच्या शेणात खड्डा भरणार नव्हता. कालव्यापलीकडच्या तांड्यावर मोहनसिंगकडे दावणभर जनावरं होती. वैजनाथराव ज्या दिवशी निवांतपणे तिकडे गेले तो नेमका शुक्रवार निघाला. मोहनसिंग हो म्हणाले, पण त्यांची बायको भिकाबाई दारातच उभी राहिली. शुक्रवारी शेण घराबाहेर द्यायचं नाही, ती लक्ष्मी आहे, पाहिजे तर चहा घ्या. शनिवारी अमावास्या. पुढे तांड्यावरची लग्नं लागली आणि मोहनसिंगची ट्रॉली वऱ्हाड वाहायला लागली. त्या ट्रॉलीत वऱ्हाड आणि शेण एका आठवड्यात न्यायचं नाही, असं भिकाबाईंनी बजावलं, आणि ते कुणालाही पटण्यासारखं होतं. वैजनाथराव दर दोन दिवसांनी जात आणि चहा पिऊन येत. असं करता करता शेण खड्ड्यात पडलं तेव्हा पाहुण्यांना आठवडा राहिला होता. आणि डेन्मार्कची माणसं सांगितलेल्या दिवशीच येतात, असं कळलं.

वैजनाथराव रोज सकाळी घुमटाजवळ जाऊन कान लावत. शिवकन्याबाई भाकरी थापता थापता बघत.

"आवो, हे काय इंजेक्शन हाये का, आज टोचलं अन् उद्या उतरलं?" त्या म्हणाल्या.

मग उरला तो एकच मार्ग. घरात एक सिलेंडर होतं, सणावारापुरतं, एरवी नक्षीच्या कापडाखाली झाकून ठेवलेलं. वैजनाथरावांनी ते मागच्या कोठीत नेलं, भिंतीला भोक पाडलं आणि रबरी नळी गोबरगॅसच्या जुन्या पाइपाला अशी काही बसवली, की पुढून पाहणाऱ्याला पाइप थेट खड्ड्यातून आल्यासारखा दिसावा. भोक मातीनं लिंपलं. घुमट हिरवा रंगवला. आयुष्यात त्यांनी इतकं सुबक काम फारच थोड्या वेळा केलं असेल.

निदान पोरीला तरी सांगा, असं शिवकन्याबाई म्हणाल्या. वैजनाथरावांनी मान हलवली.

"तिला काहून सांगायचं? तिला ठावं असलं तर तिला लबाडी करावी लागंल. ठावं नसलं तर ती नुसतं इंग्रजीत सांगंल."

यात जे शहाणपण होतं ते त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा मागितला.

पाहुणे आले. पुनमचंद सरांनी दारावर फलक लावला होता, त्यावर कॉलेजच्या डायरेक्टर साहेबांचा फोटो सूर्यापेक्षा मोठा होता. डायरेक्टर स्वतः उन्हामुळे येऊ शकले नव्हते. बसमधून बारा मुलंमुली उतरली, ती आधी पांढरी होती असं म्हणतात. उतरली तेव्हा पिकल्या टोमॅटोसारखी दिसत होती. मागून त्यांच्या प्राध्यापिका क्रिस्टीन मॅडम उतरल्या. साठीच्या, उंच, पायात गावातल्या माणसाच्या असतात तशा चपला. त्यांच्याबरोबर भाषांतराला प्रतिक्षा.

सरांनी स्वागतपर भाषण केलं. वैजनाथराव लिंबाच्या सावलीत जाऊन उभे राहिले, पाहुण्यांना जागा ठेवून. पण पाहुणे सावलीत आलेच नाहीत. इथूनच सगळं बिनसायला लागलं. पोरं अंगणभर पांगली, उन्हात, गुडघ्यावर बसून, पालथी पडून. एकानं धुराड्यात डोकं घातलं आणि चिमणी बाहेर आली. एकीनं सौर पेटी उघडली आणि लसणाकडे बराच वेळ आदरानं पाहिलं. प्रत्येकजण काहीतरी विचारत होता. हे किती साली आलं, रोज किती वेळ वापरता, कोण वापरतं. पाहणीचा त्यांना काहीच सराव नव्हता. तीस वर्षांत वैजनाथरावांना एका पाहणीत दोन प्रश्न कुणी विचारले नव्हते. ते लांबलचक उत्तरं देत होते आणि प्रतिक्षाचं भाषांतर आखूड आखूड होत चाललं होतं.

शेवटी सगळे गोबरगॅसजवळ आले. वैजनाथरावांनी काडी ओढली. भपकन ज्योत आली, निळी, सणसणीत, शेगडीच्या कडेपर्यंत. पुनमचंद सरांनी टाळ्या वाजवल्या. शिवकन्याबाईंनी वर चहाचं आधण ठेवलं आणि खाली मान घालून बसल्या.

प्रतिक्षानं ज्योतीकडे पाहिलं. ती लहान असतानाच घरचा गोबरगॅस विझला होता, तो कसा जळतो ते तिला आठवत नव्हतं. पण हा वास तिच्या ओळखीचा होता. हॉस्टेलच्या मेसमध्ये दोन वेळा रोज हाच वास येतो. तिनं आईकडे पाहिलं. आईनं पदर सारखा केला. आधण बघता बघता उकळलं.

एका पोरानं पिशवीतून हातात मावेल असं एक यंत्र काढलं आणि त्याची नळी पाइपाच्या तोंडाशी धरली. गॅसमध्ये काय काय आहे ते मोजायचं यंत्र. आकडे आले. पोरानं यंत्र झटकलं, पुन्हा धरलं. तेच आकडे. त्यानं ते मॅडमना दाखवलं. मॅडमच्या भुवया वर गेल्या.

आता शेणाच्या गॅसात जळणाऱ्या वायूबरोबर जवळजवळ चाळीस टक्के कार्बन डायऑक्साइड येतोच येतो. तो वेगळा काढायला डेन्मार्कात कारखानेच्या कारखाने उभे आहेत, आणि तरी थोडा राहतो. वैजनाथरावांच्या अंगणात तो शून्य होता. पुनमचंद सरांनी पोराच्या खांद्यावरून आकडा वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो त्या दुपारच्या उन्हातही वेगळा दिसला. शून्य! एका साध्या म्हशीच्या शेणातून डेन्मार्कपेक्षा शुद्ध गॅस! मॅडमनी काही बोलण्याआधी सरांचा फोन डायरेक्टरांना लागला होता. डायरेक्टरांनी उन्हात न येताही परिस्थिती ताब्यात घेतली. वार्ताहराला औंढ्याहून ताबडतोब निघायला सांगितलं, आणि जगातला सर्वांत शुद्ध गोबरगॅस हिंगोली जिल्ह्यात, असा मथळाही फोनवरच पक्का केला. सर फोन ठेवून वळले आणि सगळ्यांसमोर प्रतिक्षाकडे बोट दाखवून म्हणाले, हिचं डेन्मार्क आता पक्कं समजा, हिला कोण नाही म्हणतो तेच बघू.

वैजनाथरावांनी मनात म्हटलं, झालं की! इतकी वर्षं व्हय व्हय करत आलो, ते आज पोरीच्या कामी आलं. त्यांनी टोपी सरळ केली आणि कुणीतरी फोटो काढायची वाट पाहू लागले.

मॅडम मात्र घुमटाभोवती एक चक्कर मारून आल्या. टाक्यातल्या शेणात त्यांनी बोट बुडवून पाहिलं. मग प्रतिक्षाजवळ येऊन हळू आवाजात काही विचारलं. प्रतिक्षा वडिलांच्या समोर येऊन उभी राहिली. तिच्या मागे बारा पोरं, सर, मॅडम, कुंपणावरून बघणारं अर्धं गाव.

"अण्णा, मॅडम विचारून राहिल्यात," ती म्हणाली. "हा गॅस या खड्ड्यातलाच हाये का?"

तिनं प्रश्न विचारला तो मराठीत, आणि त्यांच्या डोळ्यांत बघून. वैजनाथरावांना वाटलं, हा प्रश्न आजवर कितीतरी माणसांनी विचारला, पण उत्तर येईपर्यंत थांबलं कुणी नव्हतं. ही थांबली आहे. त्यांना वाटलं, समुद्रातल्या पंख्यांबद्दल काहीतरी बोलावं. पण जिभेला जे वळण होतं ते होतं.

"व्हय," ते म्हणाले.

प्रतिक्षा आणखी क्षणभर तशीच उभी राहिली. मग वळली आणि मॅडमना इंग्रजीत सांगू लागली. सांगणं बरंच लांबलं. एका 'व्हय'चं एवढं लांब इंग्रजी होतं याचं वैजनाथरावांना आश्चर्य वाटायला लागलं, तेवढ्यात त्या सगळ्या बोलण्यातला एक शब्द त्यांना कळला. तो हिंगोली जिल्ह्यात सगळ्यांनाच कळतो. सिलेंडर.

लिंबाचं पानही हललं नाही. पुनमचंद सरांचा हात खिशातल्या फोनकडे गेला आणि तिथेच राहिला. मॅडम पाइपाचा माग काढत घराला वळसा घालून कोठीत गेल्या, मागोमाग सगळी पोरं. आतून हसण्याचा आवाज येईल म्हणून वैजनाथरावांनी कान बंद केल्यासारखे केले, पण आवाज आला नाही. थोड्या वेळानं प्रतिक्षा बाहेर आली. तिनं वडिलांकडे न बघता निरोप दिला, की मॅडमना तुमचा फोटो पाहिजे. सिलेंडरशेजारी.

वैजनाथराव गेले आणि उभे राहिले. टोपीकडे हात आपोआप गेला.

पुढचा तास मॅडम अंगणामागे त्या तीन दगडांपाशी मांडी घालून बसल्या, शिवकन्याबाईंच्या शेजारी. हा बंद काहून पडला, एवढंच त्यांनी प्रतिक्षाकरवी विचारलं. शिवकन्याबाईंना हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या आधी लाजल्या, मग बैलजोडीपासून ज्या सुरू झाल्या त्या भिकाबाईच्या शुक्रवारापर्यंत थांबल्याच नाहीत. बोलता बोलता कुणाच्या मुलीचं लग्न कुठे झालं हेही सांगून टाकलं. पोरं धुरात डोळे चोळत लिहून घेत होती.

बसमध्ये चढण्याआधी पुनमचंद सर वैजनाथरावांना बाजूला घेऊन म्हणाले, तुमच्या मुलीनं कॉलेजची अब्रू घालवली, तिचं नाव पुढे पाठवायचा प्रश्नच येत नाही. वैजनाथरावांच्या तोंडून एकदाही व्हय निघालं नाही. बस गेली आणि औंढ्याचा वार्ताहर मोटारसायकलवर पोचला. पाहुण्यांसाठी आणलेलं जेवण उरलं होतं, ते त्यानं संपवलं, आणि आलोच आहोत तर म्हणून शेतातल्या सौर पंपाचा फोटो काढला. परदेशी विद्यार्थी सौर पंपानं भारावले, अशी बातमी दुसऱ्या दिवशी आली. पंपाकडे एकही पाहुणा फिरकला नव्हता, पण एका चालत्या वस्तूचं नाव छापून आलं, हेही काही कमी नाही.

प्रतिक्षा कोर्सबरोबर पुढे गेली. दोन दिवसांनी आईला फोन आला, वडिलांशी बोलायचं आहे का विचारल्यावर ती म्हणाली, त्यांना सांग मी बरी आहे. वैजनाथराव शेजारीच बसले होते. त्यांनी फोन मागितला नाही. मागून काय बोलणार होते? पोरीसाठी केलं असं म्हणता आलं असतं. पण पोरीसाठी केलेल्या गोष्टीनंच पोरीचा समुद्र गेला होता, आणि वर तिच्याच तोंडून ते सगळ्यांसमोर वदवून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकन्याबाईंना टाक्यापाशी वैजनाथराव दिसले, सदरा काढून, कोपरापर्यंत शेणात हात घालून. रोज सकाळी ते म्हशीचं शेण कालवून टाकत, कमी पडलं तर कालवा ओलांडून तांड्यावर जात. शुक्रवार टाळून. मोहनसिंग पाटी भरून देताना म्हणाले,

"वैजनाथभाऊ, पाव्हणे तर गेले. आता कोणाला दाखवायला कालवून राहिले?"

वैजनाथरावांनी पाटी डोक्यावर घेतली. दाखवायला कुणी नाही, असं ते म्हणाले, आणि ते ऐकून मोहनसिंग काळजीत पडले, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रॉलीच पाठवली.

पाऊस अजून आला नव्हता. जमीन तव्यासारखी, खड्डाही तापलेला. कोर्स संपून प्रतिक्षा घरी आली त्या सकाळी शिवकन्याबाईंनी सवयीनं नळ फिरवला, तर बारीक सुस्कारा ऐकू आला. त्यांनी काडी लावली. ज्योत आली, पण भपकन नाही. बुटकी, निळी, कडेला जराशी थरथरणारी. शिवकन्याबाई तिच्याकडे बघत तशाच बसून राहिल्या. काही वेळानं त्यांनी तवा आणायला हाक मारली.

प्रतिक्षा पिशवी खांद्यावरच ठेवून दारात उभी होती. तिनं ज्योत पाहिली, आणि आधी घराला वळसा घालून कोठीत जाऊन आली. सिलेंडर नक्षीच्या कापडाखाली होतं, नळी निघालेली. भिंतीतलं भोक उघडं होतं आणि त्यातून उन्हाचा कवडसा आला होता. मग ती येऊन वडिलांच्या शेजारी बसली. त्यांच्या नखांत शेण होतं.

चहा ठेवला होता, तो काही केल्या उकळेना.

"तुझ्यासाठीच केलं व्हतं," वैजनाथराव शेवटी म्हणाले.

"ठावं हाये. पण तिकडं जाऊन मी काय मोजलं असतं, अण्णा? आपलं सिलेंडर?"

मग तिनं सांगितलं. शेवटच्या दिवशी सरांनी दोन नावं दिली, दोन्ही दुसरीच. पहिलं एका विश्वस्तांच्या पुतण्याचं, रुद्रचं, जो उन्हाच्या भीतीनं एकाही गावात आला नव्हता. त्यामुळे त्याच्या हातून चूकही झाली नव्हती. रुद्र जाणार होता. दुसरं नाव मॅडमनी खोडलं आणि म्हणाल्या, बारा दिवसांत आम्ही पुष्कळ आकडे मोजले, पण आकड्यामागचं खरं काय ते ज्या एका मुलीनं सांगितलं, ती येईल. सर हसले आणि म्हणाले, आमच्याही मनात तेच होतं. फलक छापायला गेला आहे. त्यावर डायरेक्टरांचा फोटो मोठा आहे, रुद्रचा मध्यम, तिचा खाली कोपऱ्यात.

वैजनाथरावांना ते पुन्हा एकदा सांगावं लागलं. मग ते उठून म्हशीजवळ गेले, तिच्या पाठीवर थाप मारून परत आले आणि बसले.

"तिथं काय शिकवतेत?" त्यांनी विचारलं.

"आधी मलाच बोलायला लावणार हायेत. आपला गोबरगॅस काहून बंद पडला, त्याच्यावर. मॅडम म्हणल्या, चालू असलेले त्यांनी लई पाहिलेत." ती जरा थांबली. "तुमचा फोटो बी दाखवावा लागंल."

"कोणता?"

"सिलेंडरजवळचा."

तिनं फोन काढून त्यांच्यापुढे धरला. वैजनाथरावांनी हात धोतराला पुसले आणि फोन दोन्ही हातांनी धरला. इतक्या वर्षांत परत आलेला हा पहिलाच फोटो होता. कोठीतला अंधार, भिंतीतली ओली माती, नळी, आणि सिलेंडरवर वासराच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवून उभे असलेले ते. टोपी सरळ. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"डोळे उघडे हायेत," ते म्हणाले.

"हायेत की. मंग दाखवू का?"

आधण आत्ता कुठे कडेनं बुडबुडायला लागलं होतं. वैजनाथरावांनी नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ घेतला.

"व्हय," ते म्हणाले. "दाखव."